नंबर आपला, टॉवर कुणाचा?

२१ फेब्रुवारी २०१८च्या सुमारास तमिळनाडूतल्या लाखो मोबाइलांची रेंज गेली. नंतर ती मधूनमधून आली, पण धड अशी कधी आलीच नाही. ही सगळी सिमकार्डे एअरसेलची होती. चेन्नईपासून मदुराईपर्यंत कंपनीच्या दुकानांपुढे माणसांची रीघ लागली. कुणाच्या बँकेचा ओटीपी त्या नंबरवर येत होता, कुणाची गॅसची नोंदणी त्यावरून होत होती, तर कुणाचा आखातात गेलेला मुलगा त्याच नंबरवर फोन करत असे. कंपनी सोडून दुसरीकडे जायचा कायदेशीर मार्ग होता. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू होऊन सात वर्षे झाली होती. फक्त त्यासाठी आधी त्याच फोनवरून १९०० या क्रमांकाला ‘पोर्ट’ असा संदेश पाठवायचा आणि त्याच कंपनीकडून येणारा संकेतांक मिळवायचा, असा नियम होता. रेंजच नसेल, तर संदेश जाणार कसा?

मोबाइल कंपन्यांच्या स्पर्धेची गोष्ट आपण एरवी दिल्ली-मुंबईच्या बाजूने ऐकतो. लिलाव, समभाग, न्यायालये आणि बड्या घराण्यांची भांडणे यांतच ती संपते. मला ती पट्टीश्वरम् या गावाच्या बाजूने सांगावीशी वाटते, कारण स्पर्धेचा खरा कस अशा गावातच लागतो.

कुंभकोणमहून दारासुरमवरून नैऋत्येला निघाले, की सात-आठ किलोमीटरवर हे गाव लागते. धेनुपुरीश्वराचे प्राचीन मंदिर आणि तिथली दुर्गा यांसाठी ते प्रसिद्ध आहे. संत ज्ञानसंबंधर उन्हातून चालत येत होते, तेव्हा शिवाने त्यांच्यावर मोत्यांचा मांडव धरला आणि त्यांना येताना नीट पाहता यावे म्हणून नंदीला बाजूला सरायला सांगितले, अशी इथली आख्यायिका आहे. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. व्यंकोजीराजांच्या वंशजांनी तंजावरवर पावणेदोनशे वर्षे राज्य केले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमच्याच मराठी घरात जन्मले. आजही त्या भागात घरात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या बोलीत तमिळ शब्द सहज मिसळलेले असतात.

तर अशा गावात मोबाइल पोचला कसा?

१९९४ साली सरकारने खाजगी मोबाइल सेवेला दार उघडले, तेव्हा देशाचे तुकडे पाडले. चार महानगरे वेगळी ठेवली आणि उरलेल्या देशाची ‘सर्कल’ नावाची मंडळे केली. दर मंडळात दोनच परवाने. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला आणि देशात मोबाइल सुरू झाला. चेन्नईत आरपीजी आणि स्कायसेल या दोन कंपन्या आल्या. मुंबईत बीपीएल आणि हचिसन मॅक्स. चेन्नई सोडून उरलेला तमिळनाडू हे स्वतंत्र मंडळ होते, तसे मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळा होता. या आखणीचा परिणाम फार दूरवर झाला. महानगर वेगळे काढले, की तिथला गिऱ्हाईक आधी मिळतो आणि कंपनीचा पैसा आधी तिथेच मुरतो. उरलेल्या मंडळात एखाद्या कंपनीने मनावर घेतले, तरच गावापर्यंत टॉवर पोचणार.

तमिळनाडू मंडळात बीपीएल होती आणि १९९९ पासून सी. शिवशंकरन यांची एअरसेल होती. शिवशंकरन हे याच राज्यातले उद्योजक. एअरसेलने कोइंबतूर, तिरुप्पूर, मदुराई, तिरुची, तंजावर ही जिल्ह्याची आणि व्यापाराची गावे आपली मानली. इतर कंपन्यांना मुंबई-दिल्ली सांभाळून मग इथे यायचे होते. एअरसेलची मात्र सुरुवातच इथून झाली, आणि या मंडळात पुढे कितीतरी वर्षे ती सर्वांत मोठी कंपनी राहिली.

यात भूगोलाचा आणि भौतिकशास्त्राचाही वाटा होता. पहिल्या दोन परवानाधारकांना ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरी मिळाल्या होत्या. कमी वारंवारतेची लहर दूर जाते आणि भिंतीतून आत शिरते. २००१च्या लिलावात तमिळनाडूचा चौथा परवाना भारतीने, म्हणजे एअरटेलने घेतला, पण तो १८०० मेगाहर्ट्झचा. त्याच अंतरासाठी तिला जास्त टॉवर उभे करावे लागणार होते. कावेरीचा त्रिभुज प्रदेश ताटासारखा सपाट आहे. भाताची खाचरे, केळीच्या बागा, विड्याच्या पानांचे मळे. आड यायला डोंगर नाही, त्यामुळे ९०० मेगाहर्ट्झचा एक उंच मनोरा आसपासच्या पुष्कळ गावांना पुरत असे. सह्याद्रीत एका डोंगरामागे गेले की रेंज जाते, हा आपल्याकडचा अनुभव त्या मुलखात नाही. बोलण्यापुरता फोन हवा होता तोवर हा फायदा फार मोठा होता. व्हिडिओचे दिवस आले, तेव्हा तो संपला. एका मनोऱ्यावर जितकी जास्त माणसे व्हिडिओ पाहतात, तितका प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेग येतो, आणि त्यावर जवळजवळ टॉवर उभारणे किंवा नव्या लहरी विकत घेणे हाच उपाय असतो.

पण तो काळ अजून लांब होता. सुरुवातीला मोबाइल ही श्रीमंतांची वस्तू होती. गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांहून अधिक दर पडे आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे मोजावे लागत. दुसऱ्याने फोन केला की आपला खिसा हलका, अशी ती व्यवस्था होती. कंपन्यांनाही हे परवडत नव्हते. परवान्यासाठी बोली लावताना कबूल केलेली रक्कम गिऱ्हाइकांच्या संख्येत भागेना. १९९९च्या दूरसंचार धोरणाने ठरावीक परवाना शुल्क काढून महसुलातला हिस्सा घ्यायला सुरुवात केली. कंपनी वाढली तर सरकारचा वाटा वाढणार होता, आणि ती बुडण्याच्या बेतात असली तर शुल्काच्या ओझ्याने बुडणार नव्हती. भारतातल्या मोबाइलच्या वाढीचे श्रेय कुणा एकाला द्यायचे असेल, तर मी कुठल्याही उद्योगपतीआधी या निर्णयाला देईन.

मग काही महिन्यांत बरेच काही घडले. १९ ऑक्टोबर २००२ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते लखनऊत बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात रिलायन्स इन्फोकॉम आली. मे २००३ पासून फोन करणाऱ्यानेच पैसे भरायचे आणि येणारा फोन फुकट, अशी पद्धत लागू झाली. या शेवटच्या बदलाने मोबाइल शेतमजुरापर्यंत नेला. पदरी पैसे नसतानाही फोन बाळगता येऊ लागला, कारण दुसऱ्याने केलेला घेता येत होता. मिस्ड कॉल द्यायचा आणि समोरच्याने परत करायचा, ही रीत साऱ्या देशाने आपोआप शिकली. १ मार्च २००६ पासून बीएसएनएलने देशभर कुठेही मिनिटाला एक रुपया असा दर लावला. कुंभकोणमहून पुण्याच्या नातलगाला फोन लावताना घड्याळाकडे डोळे ठेवून बोलण्याचे दिवस तेव्हा सरले.

मार्च २००३ मध्ये देशात मोबाइलधारक सव्वा कोटीच्या आसपास होते. मार्च २००८ मध्ये ते २६ कोटींवर गेले. मार्च २०१२ मध्ये ९२ कोटींना टेकले. ही वाढ मुख्यतः प्रीपेडची, म्हणजे आधी पैसे आणि मग बोलणे या पद्धतीची. तिची यंत्रणा पाहण्यासारखी होती. महिन्याचे बिल पाठवायचे तर पत्ता हवा, वसुली हवी, बुडव्यांची चिंता हवी. प्रीपेडमध्ये यातले काहीच नाही. कंपनी मोठ्या वितरकाला, वितरक गावातल्या दुकानदाराला आणि दुकानदार गिऱ्हाइकाला दहा-दहा रुपयांचे टॉप-अप विकतो. किराणा मालाचे दुकान, औषधांचे दुकान, पानाची टपरी, सगळीकडे रिचार्ज मिळू लागले. आधी खरवडायची कूपने होती, मग दुकानदाराच्याच फोनवरून पैसे जाऊ लागले. रस्त्याच्या कडेला छत्री लावून सिम विकणारी मुले तर गावोगावी दिसू लागली. नवे सिम खपवले की कमिशन मिळे. गिऱ्हाईक टिकवले, तर काही मिळत नसे.

इथे आकड्यांचा घोटाळा सुरू झाला. कंपनी ‘ग्राहक’ म्हणून मोजते ते सिम. एका माणसाच्या खिशात दोन-तीन सिम असतात. एकावर बोलायचा दर स्वस्त, दुसऱ्यावर रात्री फुकट, तिसरे पहिल्या रिचार्जला जादा टॉकटाइम मिळाला म्हणून घेतलेले आणि नंतर फेकून दिलेले. फेकलेले सिमही कंपनीच्या यादीत बराच काळ जिवंत राही, कारण मोठा आकडा दाखवला की बाजारात पत वाढे आणि त्या काळी जास्त लहरी मिळवायलाही तो उपयोगी पडे. जाळ्यातली यंत्रे मात्र वेगळा हिशेब ठेवतात. कोणते सिम या क्षणी चालू आहे आणि कोणत्या मनोऱ्याखाली आहे, याची नोंद त्यांच्या एका नोंदवहीत असते. तिला व्हीएलआर म्हणतात. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, हे दुसरे आकडे प्रसिद्ध करू लागले, तेव्हा दहा सिमांमागे जवळजवळ तीन निजलेली असल्याचे उघड झाले. पुढे कंपन्यांनी मृत सिमे यादीतून काढली आणि मार्च २०१२ ते मार्च २०१३ या एका वर्षात देशातले सुमारे पाच कोटी ‘ग्राहक’ कमी झाले. यातला एकही माणूस कुठे गेला नव्हता.

मोबाइल कंपन्यांची गिऱ्हाइके किती वाढली अशी बातमी वाचताना हे मनात ठेवायला हवे. वाढ नवे सिम विकून झाली, की दुसऱ्याची गिऱ्हाइके ओढून, की मोजण्याची रीत बदलून, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

एअरसेलची पुढची वाटचाल पट्टीश्वरम्पासून लांब घेऊन जाते, पण ती सांगणे भाग आहे. २००५च्या अखेरीस मलेशियाच्या मॅक्सिसने कंपनीचा ७४ टक्के हिस्सा विकत घेण्याचे ठरवले, उरलेला अपोलो रुग्णालयांच्या रेड्डी कुटुंबाशी संबंधित कंपनीकडे गेला. आता एअरसेलला एका राज्याची कंपनी राहायचे नव्हते, सारा देश हवा होता. महेंद्रसिंग धोनी जाहिरातीत आला, चेन्नई सुपर किंग्जच्या पिवळ्या जर्सीवर एअरसेलचे नाव आले. २०१०च्या थ्रीजी लिलावात कंपनीने १३ मंडळांसाठी सुमारे ६,५०० कोटी रुपये मोजले आणि ब्रॉडबँडच्या लहरींसाठी आठ मंडळांत आणखी जवळजवळ साडेतीन हजार कोटी. हा पैसा मुख्यतः कर्जाचा होता. पैसा उभा करण्यासाठी तिने आपले साडेसतरा हजार टॉवर त्याच वर्षी जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चरला ८,४०० कोटींना विकले. ही कंपनी नवी मुंबईतल्या महापे इथली, मनोज तिरोडकर तिचे प्रवर्तक. म्हणजे कावेरीकाठच्या कितीतरी मनोऱ्यांची मालकी ठाण्याच्या खाडीकडे आली आणि एअरसेल त्यांवर भाडेकरू झाली.

टॉवर विकून भाड्याने घेणे मुळात वाईट नाही. एकाच मनोऱ्यावर तीन कंपन्यांनी यंत्रे लावली, तर तिघींचा खर्च कमी होतो आणि लहान गावातही सेवा परवडते. भारतात मोबाइल स्वस्त झाला, त्यात या वाटणीचा मोठा हात आहे. धोका एवढाच, की भाडे थकले तर यंत्रे बंद पडतात, आणि गावातल्या माणसाला टॉवर दिसतो पण रेंज दिसत नाही.

तोवर बाजारात गर्दी झाली होती. जानेवारी २००८ मध्ये १२२ नवे परवाने २००१च्याच दराने वाटले गेले. एकेका मंडळात दहाच्या वर परवानाधारक झाले. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर आणला. अर्ध्या मिनिटाच्या बोलण्याला पूर्ण मिनिटाचे पैसे द्यायचे नाहीत, ही कल्पना लोकांना इतकी पटली की सगळ्यांना तिच्यामागे जावे लागले. २० जानेवारी २०११ पासून नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. माझ्या मते आपल्या दूरसंचाराच्या इतिहासात ग्राहकाच्या हाती आलेले हे सर्वांत मोठे हत्यार. त्याआधी कंपनी आवडली नाही, तरी नंबर शंभर ठिकाणी दिलेला असे, म्हणून माणूस चिकटून राही. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते १२२ परवाने रद्द केले आणि गर्दी ओसरू लागली.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली. आधी डिसेंबरपर्यंत आणि मग मार्च २०१७ पर्यंत सगळे फुकट. १७० दिवसांत दहा कोटी गिऱ्हाइके. आधार कार्डावर अंगठा टेकवला की काही मिनिटांत सिम सुरू होई, त्याचाही यात वाटा होता. फुकटाचा बोलबाला इतका झाला, की त्यामागचा एक हिशेब फारसा कुणी पाहिला नाही. तो इथे सांगतो.

एका जाळ्यातला फोन दुसऱ्या जाळ्यात जातो, तेव्हा पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे काही पैसे देत असे. पोचवण्याची मजुरीच ती. २०१५ पासून हा दर १४ पैसे होता. नव्या कंपनीची गिऱ्हाइके थोडी, त्यामुळे तिचे बहुतेक फोन बाहेर जातात आणि ती सतत पैसे देत राहते. जुन्या मोठ्या कंपनीला ते सतत मिळत राहतात. ही रक्कम नव्याला नेहमी जाचक वाटते आणि जुन्याला ती हक्काची वाटते. जिओने फुकट बोलणे दिले, तसे तिचे लोक इतरांना भरमसाठ फोन करू लागले. दोन जाळी जोडणाऱ्या दुव्यांवर इतकी कोंडी झाली, की ऑक्टोबर २०१६ मध्ये पुरेसे दुवे न दिल्याबद्दल एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटींचा दंड करावा, अशी शिफारस ट्रायने केली. १ ऑक्टोबर २०१७ पासून १४ पैशांचे ६ पैसे झाले आणि २०२१च्या सुरुवातीपासून शून्य. नव्याला आत यायला मोकळीक मिळाली पाहिजे, हे खरे. पण कर्जात बुडालेल्या मधल्या कंपन्यांचे बाहेरून येणाऱ्या फोनांवरचे उत्पन्न त्याच वेळी आटले, हेही तितकेच खरे.

एअरसेल अशा मधल्या कंपन्यांतली. घरच्या मंडळात मजबूत, बाकी देशात पातळ. २०१६ मध्ये तिने ब्रॉडबँडच्या लहरी एअरटेलला विकल्या. रिलायन्स कम्युनिकेशन्समध्ये विलीन होण्याचा बेत सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झाला आणि १ ऑक्टोबर २०१७ला मोडला. जानेवारी २०१८च्या अखेरीस तिने महाराष्ट्रासह सहा मंडळांतली सेवा बंद केली. फेब्रुवारीत टॉवर कंपनीशी देण्याघेण्यावरून तंटा झाला आणि तिच्या माहेरीच, तमिळनाडूत, अंधार पडला. महिनाअखेर तिने दिवाळखोरीसाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. तीव्र स्पर्धा, न्यायालयीन अडचणी आणि न पेलणारे कर्ज अशी कारणे तिने दिली.

मुंबईकरांनी असेच काहीसे सव्वातीन वर्षे आधी पाहिले होते. जुनी बीपीएल मोबाइल नंतर लूप झाली, तिचा परवाना नोव्हेंबर २०१४ मध्ये संपला आणि एअरटेलने ती घेण्याचा सौदा फिसकटला. लाखो नंबर शेवटच्या आठवड्यांत दुसरीकडे हलवावे लागले. पण मुंबईत पाच-सहा कंपन्यांची दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर होती. त्रिभुज प्रदेशातल्या गावात दुसऱ्या कंपनीचा टॉवर तितकाच चांगला असेल, याची खात्री नव्हती. जी कंपनी सर्वांत आधी आणि सर्वांत खोल गेली होती, तीच गेली.

ट्रायने मग वेगळा मार्ग काढला. एअरसेलने ग्राहकांना संकेतांक आधीच द्यावेत आणि ते १५ एप्रिलपर्यंत वैध राहावेत, असा आदेश दिला. बहुतेकांचे नंबर वाचले. यातून निघालेला धडा नियमांत मात्र पूर्ण उतरला नाही. डिसेंबर २०१९ पासून नवी पद्धत आली, मंडळातल्या मंडळात नंबर तीन कामकाजाच्या दिवसांत हलू लागला. तरीही संकेतांक मागायचा तो फोनवरून संदेश पाठवूनच. जिचे जाळे कोलमडते आहे, तिच्याच जाळ्यावरून सोडचिठ्ठी मागावी लागणे हे चुकीचे आहे, आणि ते बदलले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. आधार किंवा दुसऱ्या ओळखपत्रावर, नव्या कंपनीच्या दुकानातून थेट नंबर हलवता यायला हवा.

एअरसेलनंतर मैदान झपाट्याने रिकामे झाले. टेलिनॉर आणि टाटांची मोबाइल सेवा एअरटेलमध्ये गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सची आधीच बंद पडली होती, ३१ ऑगस्ट २०१८ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आता तीन खाजगी कंपन्या आणि बीएसएनएल उरले आहेत. देशातली सत्तर टक्क्यांहून अधिक सिमे जिओ आणि एअरटेल या दोघींचीच आहेत. तिसऱ्या कंपनीत देण्यांच्या बदल्यात सरकारचाच हिस्सा आता जवळजवळ ४९ टक्के आहे.

बाजार असा झाला, की वाढीचा अर्थही बदलतो. देशातल्या सिमांचा आकडा अनेक वर्षे ११५ कोटींच्या आसपास घुटमळतो आहे. नवी माणसे फारशी उरली नाहीत. म्हणून कंपन्या दर माणसामागे मिळणारा पैसा वाढवू पाहतात. २०१८च्या अखेरीस ‘निदान ३५ रुपयांचे रिचार्ज’ आले आणि फक्त येणारे फोन घेणाऱ्यांचे फुकटाचे दिवस संपले. कोट्यवधी दुय्यम सिमे तेव्हा बंद पडली. त्यानंतर किमान रिचार्ज वाढतच गेले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर ११ ते २५ टक्क्यांनी वाढवले, तेव्हा लोक रागावून बीएसएनएलकडे वळले. त्या एका महिन्यात बीएसएनएलची गिऱ्हाइके २९ लाखांनी वाढली आणि बाकी तिघींची कमी झाली. वर्षअखेर हा ओघ ओसरला, कारण बीएसएनएलकडे फोरजी पुरते नव्हते. तिचे स्वदेशी फोरजी देशभर जाहीर झाले ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी, खाजगी कंपन्या फाइव्हजीत तीन वर्षे पुढे गेल्यानंतर. आजही दर महिन्याला एक कोटीहून अधिक लोक नंबर हलवण्याची विनंती करतात. निघून जायची इच्छा जागी आहे, जायला ठिकाणे मात्र दोन-तीनच उरली आहेत.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही. धरणात पाणी किती, याचा आकडा वर्तमानपत्रात येतो, पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या पाटात पाणी किती आले, ते त्यालाच ठाऊक असते. ट्राय वर्षानुवर्षे सगळे आकडे मंडळनिहाय देत आली. पुढे एकत्र केलेल्या तमिळनाडू मंडळात चेन्नईही आली आणि पट्टीश्वरम्ही आले. चेन्नईत सेवा उत्तम असली की सरासरी सुधारते, आणि कुंभकोणम तालुक्यातला एखादा मनोरा महिनाभर अर्धमेला असला तरी तो त्या सरासरीत दिसत नाही. स्पर्धा मंडळात चार कंपन्यांची असते. एखाद्या गावात मात्र ती एकाच कंपनीची असू शकते, कारण बाकीच्यांची रेंज तिथे घरात शिरत नाही.

इथे २०२४ मध्ये दोन गोष्टी चांगल्या झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणे आणि संदेश असलेली, डेटा नसलेली रिचार्जे ठेवणे बंधनकारक केले, आणि अशा रिचार्जची मुदत वर्षभरापर्यंत चालते. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या म्हातारीला न वापरलेल्या डेटाचे पैसे का भरायला लावावेत, याला कुठल्याही कंपनीकडे पटणारे उत्तर नव्हते. पहिली रिचार्जे जाहीर झाली ती महाग निघाली आणि लोकांनी तक्रारी केल्या. त्यांची किंमत खाली यायला हवी.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ऑगस्ट २०२४च्या सेवा-दर्जाच्या नव्या नियमांत सेवा कोलमडण्याच्या हिशेबासाठी जिल्हा हे एकक आणले आहे. एखाद्या जिल्ह्यात २४ तासांहून अधिक सेवा कोलमडली, तर पोस्टपेडवाल्याला बिलात सूट आणि प्रीपेडवाल्याची मुदत वाढवून द्यायची आहे. शिवाय प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर टूजी, फोरजी, फाइव्हजी कुठे पोचते याचा नकाशा ठेवायचा आहे. नंबर हलवण्याआधी तंजावर जिल्ह्यातल्या माणसाने हे नकाशे शेजारी-शेजारी उघडून पाहावेत. आणि गावात जाऊन रेंज खरोखर तपासण्याचे काम ट्रायने कंपन्यांवर न सोडता तालुक्यापर्यंत स्वतः न्यावे. नकाशा कंपनीनेच रंगवलेला असतो.